अस्सल तलवार आणि आजची प्रतिकृती: खरा फरक फोटोत का दिसत नाही

जुनी अस्सल तलवार आणि तिची आजची प्रतिकृती यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर बहुतेकांना प्रतिकृतीच जास्त देखणी वाटेल. रेषा सरळ, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, पात्याला आरशासारखं पॉलिश. पण दोन्ही हातात घेतल्या की चित्र उलटतं. अस्सल तलवार हातात आल्याबरोबर वळायला लागते. प्रतिकृती मात्र बहुतेक वेळा टोकाकडे ओढते आणि एकदा फिरवली की थांबवायला मनगटाला कष्ट पडतात. लांबी तीच, रुंदी तीच, आकार तोच, तरी असं का होतं? कारण तलवारीचा जीव तिच्या जाडीत असतो, आणि जाडी फोटोत येत नाही.

आधी वजनाबद्दलचा एक जुना गैरसमज दूर करू. पूर्वीच्या तलवारी पाच-सात किलोंच्या असत आणि त्या उचलायला पहिलवान लागत, असं अनेकांना मनापासून वाटतं. संग्रहालयांतल्या तलवारींची वजनं वेगळंच सांगतात. मध्ययुगीन युरोपातली एका हाताने चालवायची तलवार साधारण १ ते १.४ किलोची असे. दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार बहुधा १.२ ते १.८ किलोच्या दरम्यान. जपानी कताना आणि आपल्याकडची वक्र तलवार याही किलोच्या आसपासच. १६व्या शतकातले जर्मन भाडोत्री सैनिक माणसाच्या उंचीला येणाऱ्या ज्या प्रचंड तलवारी वापरत, त्यासुद्धा बहुतेक २ ते ३.५ किलोंच्या भरतात. त्याहून जड तलवारी आहेत, पण त्या मिरवणुकीत, समारंभात पुढे धरून न्यायच्या. त्यांच्याशी कुणी लढत नव्हतं.

हा गैरसमज पसरवण्यात जुन्या प्रतिकृतींचाही हात आहे. १९व्या शतकात युरोपात मध्ययुगाचं मोठं वेड आलं. वाड्यांच्या दिवाणखान्यांत लावायला तलवारी आणि चिलखतं हवी होती, आणि ती बनवणारे कारखाने उभे राहिले. म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिट यांच्या कारखान्याचं नाव त्यात ठळक आहे. या कारागिरांचं काम उत्तम असे, इतकं की त्या काळातल्या काही प्रतिकृती पुढे अस्सल म्हणून संग्रहांत शिरल्या. पण भिंतीवरच्या तलवारीला फक्त दिसायचं असतं. ती जड आहे की हलकी, याने तिच्या कामात काही फरक पडत नाही.

जाडीचा हिशेब

चांगल्या अस्सल तलवारीचं पातं मुठीजवळ ५-६ मिलिमीटर जाड असतं, मध्यावर ४ च्या आसपास येतं आणि शेवटच्या वीतभर भागात २-२.५ मिलिमीटरपर्यंत उतरतं. हे आकडे तलवारीगणिक बदलतात, पण मुठीकडून टोकाकडे पातळ होत जाणं जवळजवळ सगळीकडे सापडतं. ही उतरण सरळ रेषेत नसते, हे विशेष. काही पाती पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच झपाट्याने पातळ होतात आणि मग सावकाश उतरतात. काही बराच वेळ जाडी राखून टोकाशी एकदम सडपातळ होतात. तलवार कशासाठी आहे, यावर ते ठरतं. उघड्या अंगावर किंवा कापडी संरक्षणावर वार करायचा तर शेवटचा भाग रुंद आणि पातळ हवा. १४व्या शतकात पत्र्याची चिलखतं पसरली, तसं सांध्यांच्या फटीत टोक खुपसणं महत्त्वाचं झालं. मग पाती अरुंद, टोकदार आणि मधोमध कणा असलेली, न वाकणारी होत गेली.

आता स्वस्त प्रतिकृती कशी बनते ते पाहू. ५ मिलिमीटर जाडीची पोलादाची पट्टी घेतात, तिच्यातून तलवारीचा आकार कापतात, कडा ग्राइंडरवर उतरवतात आणि मधली लांब खाच यंत्राने कोरतात. बाह्यरेषा हुबेहूब येते. जाडी मात्र मुठीपासून टोकापर्यंत ५ च्या ५.

एवढ्याशा मिलिमीटरांनी काय बिघडतं, ते एका ठोकळ हिशेबातून दिसेल. ८० सेंटीमीटर लांब पात्याचे शेवटचे २० सेंटीमीटर घ्या. तिथली रुंदी साडेतीन सेंटीमीटर धरा आणि दोन्ही कडांकडे निमुळता होणारा छेद (पातं आडवं कापलं तर दिसणारा आकार) धरा. जाडी ५ मिलिमीटर असेल तर या तुकड्याचं वजन सुमारे १८० ग्रॅम भरतं, आणि अडीच मिलिमीटर असेल तर सुमारे ९०. म्हणजे ९० ग्रॅम जास्तीचे, आणि तेही हातापासून सर्वांत दूर. तलवार टोकाला जड झाली. ती पुन्हा तोलायची तर मुठीच्या मागच्या गोळ्यात भर घालावी लागते. पण गोळा तोलाच्या बिंदूपासून फार लांब नसतो, म्हणून तिथे ९० ग्रॅम पुरत नाहीत, दोनशेच्या वर लागतात. अशी एकूण तीनशे ग्रॅमची भर पडते. विक्रेता सांगतो की तोल मुठीपुढे बारा सेंटीमीटरवर आहे, अगदी अस्सल तलवारीसारखा. आकडा खरा असतो, तरी तलवार हातात आळशीच राहते.

कारण तोलाचा बिंदू अर्धीच गोष्ट सांगतो. वजन दोन्ही टोकांना गोळा झालं असेल तर तलवार फिरवायला आणि फिरलेली थांबवायला जास्त जोर लागतो. तेच वजन मुठीच्या आसपास असेल तर ती चटकन वळते. क्रिकेटच्या दोन बॅटी काट्यावर सारख्या भरूनही एक हातात हलकी आणि दुसरी जड वाटते, ती याच कारणाने. जुन्या कारागिराकडे यासाठी सूत्रं नव्हती. त्याच्याकडे पिढ्यांची सवय होती आणि समोर असं गिऱ्हाईक होतं, ज्याचा जीव त्या तलवारीवर अवलंबून असे.

चांगलं पातं ओळखायची एक साधी रीत आहे. मूठ सैल धरा, टोक वर ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मुठीच्या गोळ्यावर बाजूने हलकी थाप द्या. पातं थरथरतं, पण टोकापासून साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर एक जागा जवळजवळ स्थिर राहते. तिथे घाव बसला की पात्यातली थरथर कमीत कमी. अशीच दुसरी स्थिर जागा मुठीकडे असते, आणि चांगल्या तलवारीत ती नेमकी पंजाखाली येते, म्हणून घाव घातल्यावर हाताला झिणझिण्या येत नाहीत. जाडीची विभागणी चुकली की ही दुसरी जागा पंजातून सटकते.

ब्रिटिश अभ्यासक एवर्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांनी मध्ययुगीन युरोपीय तलवारींचं वर्गीकरण केलं. पात्याचा आकार, छेद, खाचेची लांबी आणि मुठीचं प्रमाण पाहून त्यांनी १० ते २२ असे रोमन आकड्यांचे प्रकार पाडले. आज जवळजवळ प्रत्येक प्रतिकृतीच्या वर्णनात यातला एखादा आकडा असतो. वर्गीकरण उत्तमच आहे, पण ते पातं टोकाशी किती पातळ हवं हे सांगत नाही. त्यामुळे एखादी प्रतिकृती ओकशॉट यांच्या प्रकारात चपखल बसते आणि हातात मात्र लोखंडाची पट्टीच राहते.

मग कारखाने पातळ पाती का बनवत नाहीत? उत्तर पैशात आहे. जुन्या काळी पोलाद महाग आणि हात स्वस्त होते. लोहार घणाखाली पातं ओढत नेई, तेव्हा ते आपोआप लांब आणि पातळ होई. धातू वाया घालवणं त्याला परवडत नसे. आज नेमकं उलटं आहे. पट्टी स्वस्त, माणसाचा तास महाग. सपाट पट्टीतून उतरण काढायची म्हणजे निम्मं पोलाद घासून भुकटी करायची, आणि तेही पातं न तापवता, न वाकवता. शिवाय ही मेहनत फोटोत दिसत नाही, म्हणून तिचे पैसे देणारा गिऱ्हाईकही विरळा.

पोलाद: इथे मात्र आजचा काळ पुढे आहे

जुन्या पोलादात काहीतरी हरवलेलं रहस्य होतं आणि आजचं पोलाद त्याच्या पासंगालाही पुरत नाही, ही समजूत फार घट्ट आहे. ती सोडून द्यावी असं मला कळकळीने वाटतं, कारण तिच्यामुळे जुन्या कारागिराचं खरं मोठेपण झाकलं जातं.

जुन्या छोट्या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. तळाशी एक सच्छिद्र गोळा तयार होई आणि त्यात धातुमळी अडकलेली असे. तो पुन्हा पुन्हा तापवून, ठोकून, घडी घालून मळी बाहेर काढावी लागे. तरी थोडी राहतच असे. कार्बनही सगळीकडे सारखा नसे. एकाच गोळ्यात कुठे मऊ लोखंड, कुठे कडक पोलाद. घडी घालण्याचा मुख्य हेतू हा असमानपणा पसरवून टाकणं हा होता. चांगलं पोलाद थोडंच मिळे, म्हणून ते धारेला वापरत आणि पोटात मऊ लोखंड घालत. युरोपीय पात्यांची धातुशास्त्रीय तपासणी केली तर एकाच पात्यात कडकपणा जागोजागी बदललेला सापडतो.

९व्या ते ११व्या शतकांतल्या, ‘उल्फबर्ट’ हे नाव पात्यात लोखंडी तारेने जडवलेल्या सुमारे १७० तलवारी सापडल्या आहेत. त्यांतली काही पाती त्या काळाच्या मानाने अप्रतिम, भरपूर कार्बन असलेल्या पोलादाची आहेत. काही अगदी सामान्य आहेत, आणि काहींवर नावातली अक्षरंही वेगळी आहेत. नकला तेव्हाही होत. जर्मनीतल्या पासाऊ गावाची धावत्या लांडग्याची खूण पुढे झोलिंगेन या दुसऱ्या जर्मन शहरातले कारागीर सर्रास उठवू लागले. आपल्याकडे युरोपीय पात्याच्या फिरंग तलवारींना मान आला, तशा इथे घडवलेल्या पात्यांवरही युरोपीय खुणा दिसू लागल्या. म्हणजे ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ यांतली रेघ जुन्या काळातही स्वच्छ नव्हती.

आजच्या चांगल्या प्रतिकृती १०६०, १०७५, ५१६०, ९२६० अशा क्रमांकांच्या पोलादात बनतात. शेवटचे दोन आकडे कार्बनचं प्रमाण सांगतात: ६० म्हणजे साधारण ०.६० टक्के. ५१६० मध्ये क्रोमियम आणि ९२६० मध्ये सिलिकॉन असतं. ही दोन्ही स्प्रिंगची पोलादं आहेत, गाड्यांच्या कमानपाट्यांच्या कुळातली. त्यांत मळी जवळपास नसते, कार्बन एकसारखा असतो. नीट पाणी दिलेलं आणि मग मंद आचेवर कडकपणा थोडा उतरवलेलं असं पातं चांगलं वाकवलं तरी पुन्हा सरळ होतं. जुन्या अनेक तलवारी वाकल्या की वाकलेल्याच राहत आणि त्या सरळ करून घ्याव्या लागत.

म्हणजे जुना कारागीर कमअस्सल, बेभरवशाच्या धातूतून २ मिलिमीटरचं टोक काढत होता, आणि आपण उत्तम पोलाद हाती असूनही ५ मिलिमीटरवर थांबतो. त्याचं मोठेपण धातूत नसून त्या धातूतून काय काढावं याच्या समजेत होतं.

हे सगळं कार्बन पोलादाबद्दल. शोभेच्या तलवारी बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या असतात, कारण त्या गंजत नाहीत. छोट्या सुरीला ते ठीक आहे. लांब पात्यात मात्र असं पोलाद ठिसूळपणे वागतं आणि जोरात आपटलं तर तुटतं. त्याहून धोक्याची गोष्ट मुठीच्या आत लपलेली असते. अस्सल तलवारीत पात्याचाच भाग शेपटीसारखा मुठीत शिरतो. शोभेच्या तलवारीत बरेचदा पात्याच्या बुडाशी एक बारीक आटे पाडलेली सळई वेल्डिंग करून जोडलेली असते आणि तिच्यावर मूठ नटाने आवळलेली असते. जोरात फिरवली की सांधा तुटतो आणि पातं हातातून सुटून समोरच्याच्या अंगावर जातं. अशी तलवार भिंतीवरून काढून कधीही फिरवू नका. मुलांना तर तिला हातही लावू देऊ नका.

लहरी, खऱ्या आणि कोरलेल्या

पात्यावरच्या नक्षीबद्दल सर्वांत जास्त घोळ होतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मुशीत वितळवून एक खास पोलाद बनत असे, वूट्झ या नावाने ते जगभर ओळखलं जातं. त्यात कार्बन इतका जास्त असे की, तो लोखंडाशी मिळून अत्यंत कठीण कण तयार करी. कमी आचेवर सावकाश घडवताना हे कण ओळी धरत, आणि पातं आम्लाने धुतलं की पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी उमटे. १९९०च्या दशकात धातुशास्त्रज्ञ जॉन व्हेरहूव्हेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी ही नक्षी पुन्हा घडवून दाखवली. व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी सूक्ष्म अंश हे कण ओळीत लावायला कारण होतो, हे त्यांनी दाखवलं. नक्षी धातूच्या पोटातून येते. तिची आखणी कुणी केलेली नसते.

आज दमास्कस (लहरी नक्षीचं पोलाद) म्हणून विकली जाणारी बहुतेक पाती वेगळ्या जातीची आहेत. दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव करतात, पिळतात, आणि मग आम्लात बुडवतात. एक थर काळा पडतो, निकेल असलेला दुसरा चमकत राहतो. ही कला खोटी नाही. ७व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या सटन हू इथल्या दफनात सापडलेली तलवारही पिळलेल्या पट्ट्या जोडूनच घडवलेली आहे. पण हे वूट्झ नव्हे. तिसरा प्रकार म्हणजे साध्या पोलादावर लेझरने किंवा आम्लाने वरच्या वर काढलेली नक्षी. तिची एक खूण सांगता येते: नक्षी पात्याच्या कडेवरून, पाठीवरून सलग वळत नाही, आणि पॉलिश केलं की पुसट होते.

जपानी तलवारीच्या धारेजवळच्या पांढुरक्या लाटेचंही असंच आहे. तिथे पाण्यात बुडवण्याआधी पात्याला मातीचा लेप देतात, पाठीवर जाड आणि धारेकडे पातळ. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर ती लाट उमटते. प्रकाशात तिरपं धरलं तर सीमेवर बारीक चमकते कण दिसतात. नकली लाट आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेला एकसारखा धुरकट पट्टा असतो, त्यात कण नसतात. मुठीत लपलेल्या शेपटीवरचा गंज जपानी लोक कधीच साफ करत नाहीत, कारण वय वाचायची ती जागा असते. नव्या प्रतिकृतीत तिथे लखलखीत पोलाद किंवा मुद्दाम चढवलेला काळपट रंग मिळतो.

मुठीकडेही थोडं पाहू. मध्ययुगीन युरोपीय तलवारीची शेपटी गोळ्यातून आरपार नेऊन बाहेर आलेलं टोक ठोकून पसरवत, म्हणजे ती कायमची बसे. आपल्याकडच्या तलवारीत शेपटी आखूड असते आणि लोखंडी मुठीत राळेसारख्या मिश्रणाने पक्की केलेली असते. तिची मूठ आजच्या हाताला आखूड वाटते आणि लोक म्हणतात, पूर्वीची माणसं लहान चणीची होती. कारण बहुधा वेगळं आहे. मूठ आवळून धरायची आहे, आणि मागची चकती मनगटाला फार वाकू देत नाही. सगळा हात फिरवून, ओढत कापण्यासाठी ती पकड आहे. प्रतिकृतीवाले मूठ ऐसपैस करतात आणि ती पकडच नाहीशी होते.

धारेबाबत एक बदल मात्र न्याय्य आहे. सरावासाठी आणि युद्धाच्या देखाव्यांसाठी बनवलेल्या तलवारींची धार मुद्दाम दोनेक मिलिमीटर जाड आणि टोक गोल ठेवतात. तिथे माणसाचा डोळा वाचणं महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी कडांवर वजन वाढलं तरी चालेल. बोथट सराव-तलवारीही जुन्याच आहेत. १५व्या-१६व्या शतकांत जर्मन भाषिक प्रदेशात अरुंद, लवचीक आणि मुठीजवळ रुंद होणाऱ्या सराव-तलवारी होत्या. आजचे युद्धकलेचे अभ्यासक त्यांच्याच धर्तीवरच्या वापरतात. धारदार म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतीचं तसं नाही. जाड पट्टीच्या कडेला शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत एकदम उतार दिलेला असेल, तर ती कागद कापेल, पण जाड वस्तूत रुतून बसेल. अस्सल पात्याचे दोन्ही अंग धारेकडे सावकाश, मध्ये पायरी न पडता मिळतात.

अस्सल तलवार जवळून पाहिली की आणखी एक गोष्ट थक्क करते: ती किती वाकडी आहे! मधली खाच एका बाजूला किंचित कलते, मुठीवरची आडवी दांडी एका अंगाला जास्त लांब असते, झाकल्या जाणाऱ्या भागावर कानशीचे ओरखडे तसेच सोडलेले असतात. पण त्याच पात्याची जाडी शेवटच्या वीतभर भागात विलक्षण काळजीने उतरवलेली असते.

चांगली प्रतिकृती बनवणाऱ्यापुढे शेवटी एक खरा पेच असतो. संग्रहालयात मोजलेली तलवार ही शेकडो वर्षं सहाणेवर झिजलेली किंवा नदीच्या गाळात गंजून बारीक झालेली असते. जपानी पाती तर पुढच्या मालकांनी आखूडही करून घेतलेली सापडतात. आज आहे तशीच्या तशी नक्कल केली तर म्हातारी तलवार हाती येते. तरुणपणीची घडवायची तर गेलेला धातू अंदाजाने परत घालावा लागतो. चांगले कारागीर अनेक अस्सल तलवारी हाताळून, दर काही सेंटीमीटरवर जाडी मोजून मगच तो अंदाज बांधतात. अशा प्रतिकृती आज मिळतात, आणि त्या हातात घेतल्या की जुना माणूस काय वापरत होता ते खरोखर कळतं.

म्हणून प्रतिकृती घ्यायची असेल तर पोलादाचा क्रमांक आणि लांबी विचारून थांबू नका. मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाच्या चार बोटं आधी पात्याची जाडी किती, हे तीन आकडे मागा. शेपटी पात्यातूनच निघालेली आहे की जोडलेली, हेही विचारा. ज्याने पातं विचार करून बनवलं आहे, त्याच्याजवळ ही उत्तरं तयार असतात.